सहावा गठ्ठा

आमच्या कारखान्यातून कागदाचा एकही गठ्ठा मामंजींनी फाडल्याशिवाय बाहेर जात नसे. म्हणजे गठ्ठ्यातला एक ताव ओढायचा, त्याचा कोपरा चिमटीत धरायचा आणि सावकाश फाडायचा. सुर्रकन फाटला तर नापास. अडखळत, कडेला धागे सोडत फाटला तर पास. तो कोपरा फाटलेला ताव गठ्ठ्यावर ठेवला की झालं, वेगळा शिक्का नाही. माझ्या सासऱ्यांनी हे चाळीस वर्षं केलं होतं, आणि जुनं गिऱ्हाईकही गठ्ठा घेताना आधी कोपरा बघायचं.

कारखाना म्हणायला मोठा. रद्दी भिजवायच्या तीन टाक्या, लगदा घोटणारा एक बीटर, जाळीवर ताव उचलणाऱ्या चार बायका, एक दाबयंत्र आणि ताव वाळत घालायच्या दोऱ्या. दाबयंत्र आमच्या ह्यांच्याकडे. बापाच्या आणि बायकोच्या भांडणात ह्यांचं मत विचारलं की हे यंत्राला तेल घालायला लागतात. त्यामुळे ते यंत्र कधी कुरकुरत नाही.

गेल्या महिन्यात धान्य दुकानदार आला. आमच्या कागदाच्या पिशव्या तो करून घेतो. त्याने मामंजींच्या टेबलावर बूड फाटलेली पिशवी ठेवली.

"पाच किलो तांदूळ भर रस्त्यात सांडला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बाई वेचत बसल्या आणि मी तोंड लपवत बसलो. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सहा गठ्ठे दणकट कागद द्या. नाहीतर मी आपला पुन्हा प्लास्टिककडे."

आमचं अर्ध्याहून जास्त काम त्याचंच होतं. तो गेला असता तर चारपैकी दोन बायकांना घरी बसवावं लागलं असतं. त्या चौघीही तिथेच उभ्या राहून ऐकत होत्या, आणि कुठल्या दोघी हे कुणीच विचारत नव्हतं.

दोष मामंजींच्या हाताचा नव्हता. कागद जितक्या वेळा लगदा होतो तितका त्याचा धागा आखूड होत जातो. आमच्याकडे येणारी रद्दी तीन-चार जन्म भोगून आलेली असते. तिच्यात जीव कुठून येणार? मी म्हटलं, बाहेरून घालू. शेजारचा बागवाला घड उतरवल्यावर केळीची खोडं तोडून बांधावर कुजायला टाकतो. त्यांच्या सालींचा, सोपटांचा, दोर होतो, मग कागदात का नाही?

"आपण रद्दीचा कागद करतो," मामंजी म्हणाले. "भाजीपाल्याचा नाही."

माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, तो लगेच उठला. या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत माझा एक शब्द इथे पास झाला नव्हता.

"मी करणार," मी म्हटलं.

"कर ना. पण फाडून मी बघणार."

मी बांधावरून खोडं ओढून आणली, सोपटं सोलली, धुण्याच्या सोड्यात उकळली आणि धुऊन धागा काढला. लांब धागा म्हणजे दणकट कागद, असा माझा हिशेब. म्हणून वीत-वीतभर लांबीचा धागा बीटरमध्ये सोडला. फणीत केस अडकावेत तसा तो रुळाला गुंडाळला गेला, मोटरीतून धूर आला आणि ह्यांना तो धागा कापून काढायला संध्याकाळ झाली. मामंजींनी नुसती धूर जायला खिडकी उघडली. डाफरले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी धागा बोटाच्या पेराएवढा कापला आणि सूड उगवल्यासारखा दिवसभर घोटला. ताव वाळून असा कडक झाला की हलवला तर खडखड वाजायचा. मामंजींची मान नकळत डोललीसुद्धा. पण घडी घातली आणि घडीवरच तो मोडला. मी परसात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा सोपटं सोलायला बसले. सोलता सोलता नखं काळी पडली होती. ताव उचलणाऱ्यांतली थोरली माझ्याशेजारी येऊन बसली आणि न विचारता सोलायला लागली.

तिसऱ्या वेळी धागा वेगळा घोटला, दोनच तास. मग चार भाग रद्दीच्या लगद्यात एक भाग धागा. हा ताव वाजत नव्हता. हाताला थोडा जाड्याभरड्या कापडासारखा लागत होता. याच कागदाचे आम्ही सहा गठ्ठे केले आणि गुरुवारी सकाळी मामंजींसमोर मांडले.

त्यांनी पहिल्या गठ्ठ्यातला ताव ओढला, कोपरा चिमटीत धरला. अंगठा पांढरा पडला. ताव नुसता वाकला. त्यांनी पुन्हा धरला, मग ताव फिरवून दुसरा कोपरा धरला. चौघींचे हात जागच्या जागी थांबले. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू. आणि मग मी त्यांचा चेहरा पाहिला. ते कागदाकडे बघतच नव्हते. स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

"जोर राहिला नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"मामंजी, कागद दणकट आहे."

"उगाच समजूत नको घालू."

मी धावत जाऊन फळीवरचा जुना ताव आणला. तो त्यांनी एका झटक्यात फाडला. नवा पुन्हा घेतला. नाहीच. मग तो माझ्यापुढे धरला. "तू फाड."

मी दात-ओठ खाऊन ओढलं. करकरत, लांब लांब धागे सोडत कोपरा माझ्या हातात आला.

"फाटतो की," मामंजी म्हणाले. "म्हणजे कागद सुधारला हेही खरं आणि मी उतरलो हेही खरं."

सोळा वर्षं मी याच घडीची वाट पाहिली होती. आता ती आली तेव्हा वाटलं, यांनी एकदाच, काहीही करून हा ताव टरकन फाडावा आणि माझ्यावर डाफरावं.

"मला फाडता येत नाही त्याला मी पास कसा म्हणू?" ते खुर्चीवरून उठले. "बस इथे. पहिला तुझ्या हातून पास झाला. राहिलेले पाच तू बघ."

"मी?"

"मग काय बागवाल्याला बोलावू?"

मी बसले. ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. दुसरा गठ्ठा पास. तिसरा, चौथा, पाचवा पास. प्रत्येक वेळी मी मोठ्याने सांगत होते आणि मागून थोरली "हुं" म्हणत होती. सहाव्यातला ताव ओढला, कोपरा धरला आणि तो सुर्रकन हातात आला.

मी गुपचूप दुसरा ताव ओढला. तोही तसाच. उजेडाकडे धरला. एका जागी धाग्याच्या गाठी आणि दुसऱ्या जागी नुसती रद्दी. मला लगेच कळलं. मंगळवारी, शेवटच्या टाकीला, काम उरकायच्या घाईत मी लगदा पातळ न करताच वरून धागा ओतला होता.

मामंजींची पाठ होती. चौघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हाताकडे नाही. पाचव्या गठ्ठ्यातला एक ताव फाडून सहाव्यावर ठेवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. शनिवार परवावर आला होता. एक ताव वाळायलाच अख्खा दिवस लागतो. पाच गठ्ठे पास झालेच होते, एकाने काय बिघडणार होतं? बिघडणार होतं ते रस्त्यात, कुणाच्या तरी पायाशी.

"काय झालं?" मामंजींनी न वळता विचारलं.

मी तो ताव टेबलावर ठेवला. "नापास."

ते वळले. "कशानं?"

"माझ्या घाईनं. गाठी राहिल्यात."

थोरलीने कपाळावर हात मारला. मामंजींनी तो ताव माझ्याकडून मागून घेतला नाही, उजेडाला धरून पाहिला नाही. आमचे हे पुढे झाले आणि सहावा गठ्ठा उचलून टाकीत टाकायला घेऊन गेले. चौघी पदर खोचून त्यांच्या मागे निघाल्या. मामंजी बीटरपाशी गेले, बाह्या वर केल्या आणि खटक्यावर हात ठेवून थांबले.

"धागा किती वेळ घोटायचा?" त्यांनी मला विचारलं.

"दोन तास," मी म्हटलं. "आणि मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही."