चार बोटं वाकडं कापड

रुपराव हेडाऊ माणसं एकाच गजाने मोजत: याला विणता येतं की नाही? येत असेल तर तो माणूस. नसेल तर तो तहसीलदार असो की डॉक्टर, त्यांच्या लेखी बिनकामाचा. विणकरांच्या तांडापेठेत त्यांच्या रेशीमकाठी लुगड्यांना तोड नव्हती, हे खरं. पण आपल्याला एक गोष्ट उत्तम येते म्हणजे जगातलं बाकी सगळंही कळतं, अशा समजुतीत जी मंडळी जगतात, त्यांचे रुपराव म्होरके होते.

त्यांची नात सुभद्रा सहा वर्षांची. जन्मापासून तिचा डावा हात कोपरात दुमडलेला आणि मूठ आवळून छातीशी. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, हाताला आत्ताच सवय लावली तर उघडेल, थोडंफार कामही करेल. वय वाढलं की आखडेल तो कायमचा. म्हणून सून पुष्पलता चार महिने, आठवड्यातून तीन दिवस, पोरीला सायकलरिक्षात घालून तिथल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत नेत होती. रुपरावांना ते नाव घेणंही जिवावर येई. ते त्याला ‘खेळाचा दवाखाना’ म्हणत.

“दवाई नाई, सुई नाई, पट्टी नाई,” ओट्यावर बसून ते चारचौघांना सांगत. “माती मळा न् मणी ओवा! अन् हे शिकवाले त्या बाईनं कालेजात चार वर्ष घालवले म्हणे. आमच्या गल्लीतले लेकरं तर जन्मल्यापासूनच डाक्टर हायेत मंग.”

ऐकणारे खदखदा हसत. आत चुलीपाशी पुष्पलता ऐके. सुभद्राही ऐके, पण लेकराला काय कळतं, असं धरून चालायची त्या घराची रीत होती.

शेवटी रुपरावांनी मुदत घातली. “दिवाळीपावतर पाहीन. नाई फरक पडला तर बंद. चरखा फिरवून सुताच्या कांड्या भराले एक हात पुरते. पोट्टी घरी बसून कांड्या भरन. जलमभर तेच करनं हाय तिले.”

दिवाळी आठवड्यावर आली आणि पुष्पलता तापाने फणफणली. रुपरावांना ते बरंच वाटलं. “मीच नेतो आज,” ते म्हणाले. “त्या बाईले तोंडावर सांगून येतो, का उद्यापासून पोट्टी येनार नाई.” पुष्पलता अंथरुणातून उठायला गेली. “मामाजी, असं नका करू,” एवढंच तिला म्हणता आलं.

खोलीत शिरताच रुपरावांच्या मनासारखंच सगळं दिसलं. एक पोरगं कणकेसारखी माती थापत होतं. एक मुलगी बाहुलीच्या झग्याच्या गुंड्या लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. रुपरावांनी तोंडाला उपरणं लावलं, ते हसू लपवायला. आणि मग त्यांना कोपऱ्यातला माग दिसला.

माग! वीतभर रुंदीचं कापड निघेल एवढासा, मेजावर ठेवलेला. सुभद्रा धावत जाऊन त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली, तेव्हा त्यांना कळलं, की आपल्या नातीला इथे चक्क विणायला लावतात. तांडापेठेतल्या हेडाऊंच्या नातीला! आणि कोण शिकवतं, तर जिच्या सात पिढ्यांनी धोट्याला हात लावला नसेल ती इथली बाई, शोभाताई.

शोभाताई तिशीतली, पांढऱ्या कोटातली. रुपराव आपला निरोप सांगणार, तेवढ्यात तिला वॉर्डातून बोलावणं आलं. “बसा आजोबा, आलेच,” म्हणून ती गेली.

रुपराव बसतात कसले! त्यांनी मागाला प्रदक्षिणा घातली. बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकायची फणी पोरीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगलेली. फणीला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या बांधलेल्या, म्हणजे ओढताना माणसाचा दम निघावा. तो धागा आरपार नेणाऱ्या धोट्याला फडकं गुंडाळून तो वांग्याएवढा जाड केलेला. आणि कापड? चार बोटं झालं होतं. काठ एकीकडे आत, एकीकडे बाहेर, आणि बाणा कुठे सैल, कुठे गच्च. चार महिन्यांत चार बोटं!

“याच्यापेक्षा कोळी बरा इनते,” ते म्हणाले.

त्यांनी टोपी काढून मेजावर ठेवली आणि कामाला लागले. पिशव्या सोडल्या. फणी खाली घेतली. धोट्याचं फडकं सोलून फेकलं. मग त्या चार बोटांकडे वळले. वाकडं कापड मागावर ठेवायचं नाही, हा त्यांच्या घराचा बाणा. त्यांच्या बापाने एकदा अर्धं लुगडं उसवायला लावलं होतं, आणि त्यांनी मुलांना. पहिला धागा ओढला तशी सुभद्रा म्हणाली, “आबाजी, ते नका काढू.”

“गप वं. खराब हाय ते.”

“नका ना काढू.”

“तुले का समजते?”

चार बोटं उसवायला त्यांना एवढासाही वेळ लागला नाही. मग त्यांनी स्वतः दोन बोटं विणून दाखवलं, सुपारीसारखं घट्ट, काठ सुतात. “आता तू मार.” सुभद्राने उजव्या हाताने धोटा आत सारला, उजव्याच हाताने पलीकडून काढून घेतला, उजव्याच हाताने फणी ओढली. सगळं लोण्यासारखं चाललं.

शोभाताई परतली तेव्हा रुपराव मिशीवर हात फिरवत उभे होते.

“पाहा बाई. तुमच्याच्यानं चार महिन्यांत नाई झालं.”

तिने कापड पाहिलं. “सुरेख आहे,” ती म्हणाली. “तिचा डावा हात कुठाय?”

रुपरावांनी पाहिलं. मूठ आवळून छातीशी, कोंबडीने पंख अंगाशी दुमडावा तशी.

“आणि आधीचं कापड?”

“उसवलं. वाकडं होतं.”

शोभाताईचा चेहरा उतरला. सुभद्रा मागाकडे पाहत हळूच बोलली, “ते माह्या डाव्या हातचं होतं.”

मग शोभाताईने आवाज न चढवता सांगितलं, आणि न चढवलेला आवाजच रुपरावांना जास्त झोंबला. फणी उंच होती, कारण तिथवर पोचायला कोपर उघडावंच लागतं. पिशव्या होत्या, कारण एका हाताने ती ओढू नये, दुसऱ्याची मदत घ्यावी. धोटा जाड होता, कारण तिच्या बोटांना बारीक वस्तू धरता येत नाही. दोन महिने नुसती माती दाबून मूठ सैल झाली, तेव्हा तिला मागावर बसवलं. “ती चार बोटं तिने डाव्या हाताने धोटा झेलून विणली होती, आजोबा. आईला दाखवायची होती तिला दिवाळीत. आम्हाला कापड नको होतं हो. कापड बाजारात मिळतं.”

पन्नास वर्षं मागावर बसलेल्या माणसाला माग कळला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटण्याची सवय नसल्याने आधी राग आल्यासारखं वाटलं. पण चिडायचं कोणावर?

त्यांनी खाली वाकून वाळूच्या पिशव्या उचलल्या. ज्या गाठी दोन मिनिटांत सोडल्या होत्या त्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला. फणी वर चढवली. फडकं शोधून धोट्याला गुंडाळलं. मग आपण विणलेलं ते सुपारीसारखं कापडही त्यांनी धागा-धागा करून काढून टाकलं.

सुभद्राने उजव्या हाताने धोटा सारला. डावा हात छातीवरून निघाला, थरथरला, अर्ध्यावर अडला. कोपर थोडं उघडलं. आधी अंगठा बाहेर आला, मग एकेक बोट. तेवढ्या वेळात रुपरावांच्या मागावर टीचभर लुगडं झालं असतं. त्यांचे हात पुढे व्हायला पाहत होते, म्हणून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. धोटा बोटांत आला. बाणा सैल पडला, पार वाकडा. त्यांना तो बघवेना आणि त्यावरून नजरही हटेना.

निरोप सांगायचा राहिला तो राहिलाच. घरी आल्यावर पुष्पलता तापातच उठून दारात आली आणि सासऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागली. रुपरावांनी घसा साफ केला.

“तू आराम कर, सूनबाई. सोमवारी बी मीच घेऊन जातो तिले.”

“नको,” आईच्या पदराआड होत सुभद्रा म्हणाली. “तुम्ही उसवता.”