पोस्टमास्तरीणबाईचं पारायण

"आधी पाय धुवून ये," गोजरबाई म्हणाल्या, तेव्हा सुचितानं उघडलेलं पुस्तक मिटून ठेवलं.

पाय धुवून ती सासूच्या पलंगाजवळ चटईवर बसली. वाचनालयातून आणलेली ती हलकीफुलकी रहस्यकथा होती. लहानशा गावात हलवायाचा खून होतो आणि निवृत्त पोस्टमास्तरीणबाई घरोघर चहा पीत खुनी शोधत फिरते. पण गोजरबाईंनी जन्मभर पोथ्याच ऐकलेल्या. म्हणून रोज दुपारी एकच अध्याय, तोही मध्ये न थांबता. मध्ये बोलायचं नाही हा नियम त्यांना स्वतःला लागू नव्हता.

"थे पोलीस काऊन झोपून राह्यले?" त्या रोज विचारत.

पाय घसरून मांडीचं हाड मोडलं तेव्हा सुचिताच्या नवऱ्यानं, दीपकनं, आईला सुलतानपूरहून खामगावला आणलं होतं. आता त्या काठीनं चालत होत्या. रविवारी धाकटा गोपाल त्यांना न्यायला येणार होता आणि त्यांनी पिशवी बुधवारीच भरून ठेवली होती. पारायण लागलं का समाप्ती होईस्तोवर शीव ओलांडत नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण आज गुरुवार, आणि पुस्तकात यापुढे एकच अध्याय उरला होता.

दीपक दिवसभर कापसाच्या जिनिंगवर, लेक छकुली शाळेत. या शहरात येऊन चार वर्षं झाली तरी दुपारी सुचिताशी बोलणारं कुणी नव्हतं. सासू गेली की घर पुन्हा खायला उठणार होतं. पण घराची ओढ लागलेल्या म्हाताऱ्या बाईला थांबा कोणत्या तोंडानं म्हणायचं?

शुक्रवारी तिनं पुस्तक उघडलं आणि मनचंच रचून वाचायला लागली. पोस्टमास्तरीणबाईच्या शेजारी एक शिवणकाम करणारी राहायला आली. नवरा कामावर गेला की ती दार उघडं टाकून बसायची. कुणी पत्ता विचारायला आलं तरी त्याला बसवून पाणी द्यायची. शनिवारीही तीच बाई. खुनी बापडा मोकळाच फिरत राहिला. गोजरबाईंनी दोन्ही दिवस पोलिसांची चौकशी केली नाही.

रविवारी गोपाल आला आणि वहिनी काय वाचते म्हणून पुस्तकात डोकावत बसला. मनचं वाचायची सोय राहिली नाही. सुचितानं खरा शेवटचा अध्याय वाचला. हलवायाचा मेहुणा पकडला गेला, सगळ्यांनी चहा घेतला, गोष्ट संपली. समाप्तीचा शिरा आणायला ती उठली.

"बस," गोजरबाई म्हणाल्या. "अन् थे शिवणकामवाली कुठी गेली?"

सुचितानं खाली बसून पुस्तक पुन्हा हातात घेतलं.

"दोन दिस तुनं एकबी पान नाही उलटवलं. मले अक्षर दिसत नसन, हात तं दिसते."

सुचिताचे कान तापले. ती पुस्तकाचा कोपरा दाबत राहिली.

"चाल ना आई, बस निघून जाईन," गोपाल म्हणाला.

"वाचण्यात चूक झाली बाबा. चूक झाली का पारायण पहिल्या अध्यायापासून धरा लागते. तू शिरा खाऊन जाय."

"हे काय पोथी हाय का?"

"माह्यासाठी हाय."

गोपालनं थोडा वाद घातला, दोन वाट्या शिरा खाल्ला आणि एकटाच स्टँडवर गेला. सुचितानं सासूची पिशवी पलंगावर रिकामी केली आणि लुगड्यांच्या घड्या घालायला बसली. गोजरबाई बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत होत्या.

"थे शिवणकामवाली," त्यांनी हळूच विचारलं, "दुपारी रडते का वं?"

सुचितानं हातातलं लुगडं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"कधीमधी," ती म्हणाली.