कोपराखालची बांगडी

हिरवी, एकच, आणि काचेत एक बारीक बुडबुडा अडकलेला… एवढी वर्षं तो दिसलाच नव्हता, कारण हात कधी मोकळा होता का, भाकरी नाही तर पऱ्हाटीचा कापूस, कापूस नाही तर शेण. काचेलापण फोड येतो म्हणजे, असं मनात आलं आणि केशरबाईला दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या हसूच आलं.

तिच्या स्वतःच्या अंगावर तर टपोऱ्या बोराएवढे पाणीदार फोड होते, आणि मधेमधे, कुणी नुसतं मनगट धरलं तरी उमटणारे काळेनिळे डाग. बोरं आणि जांभळं एकाच झाडाला, एकाच हंगामात, असं झाड आमच्या अख्ख्या अकोटात नाही, हे तिनं इथल्या, अकोल्याच्या डॉक्टरांनाच सांगितलं होतं, आणि डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग हळू आवाजात त्यांनी समजावलं… अंगात रोगाशी लढणारी राखण असते ना, ती उलटलीय, कातडीवरच तुटून पडलीय, आणि रक्त गोठवणारा जो अंश असतो, तोही तीच खातेय. एक ओरखडा पुरे, रक्त थांबायचं नाही.

"म्हणजे कुंपणच शेत खाऊन राहिलं," केशरबाई म्हणाली.

अगदी तेच, डॉक्टर म्हणाले, आणि कुंपण नरम पाडायच्या गोळ्या सुरू केल्या.

पण ही बांगडी! भरती झाली त्या दिवशी जमुना सिस्टरनं साबण लावून सगळा चुडा उतरवला होता, आणि सिस्टरची पाठ वळली तशी हिनं त्यातली एक मुकाट्यानं परत चढवली, पार कोपराखाली सरकवली, पदराखाली झाकली. नवरा जिता आणि हात भुंडे? तिकडे देवराव विहिरीत उतरतो, एसटीच्या टपावर चढतो, त्याचा जीव असा वाऱ्यावर सोडायचा? आईची बांगडी पिचली की आई आधी दुसऱ्या हातातली काढून या हातात घालायची, मग काचा वेचायची… फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची… आई, मग मी तरी दुसरं काय केलं गं?

आणि हात सुजला. बांगडी रुतली. ओढावी तर कातडी सोलून यायची, ठेवावी तर झोपेत पिचून काच घुसायची. आज सकाळच्या फेरीत ती डॉक्टरांना दिसली. ते रागावले नाहीत, तेच वाईट. काच उडू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळून सांडशीनं चिमटून फोडू, म्हणाले, थोडा धोका आहे, पण ठेवण्यात जास्त आहे. केशरबाई म्हणाली, आमचे मालक येऊ द्या.

दुपारी मालक आले, खांद्यावर दुपट्टा, डब्यात ताकातल्या कण्या. देवरावनं सिस्टरकडून सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं, मग फोडांना लावायच्या जांभळ्या औषधाच्या बाटलीकडं बोट दाखवून म्हणाला, त्यानंच रंगवा हिच्या मनगटावर बांगड्या, वाजत नाहीत तर नाहीत. शेजारच्या खाटेवरची गोदाबाई पदरात तोंड घालून हसायला लागली.

"अन् तुमाले काही झालं तं?" केशरबाईनं विचारलं.

"मले काय धाड भरली?" देवराव म्हणाला. "फोड तुले, रक्त तुयं, अन् राखण माही करून राहिली. तुयं कुंपण पयलेपासूनच येडं हाय."

सिस्टर कापसाच्या काडीनं बांगड्या रंगवायला लागली, गार, ओली, एक जांभळी रेघ, दुसरी, तिसरी… आणि केशरबाई हसता हसता थांबली. मी मरू शकते. इतके दिवस हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, ती आपली देवरावच्या विहिरीवर पहारा देत बसलेली. भीती बिलगली, आणि चक्क स्वतःसाठी, जन्मात पहिल्यांदा… आणि काय सांगावं, ती तिला आवडली. लेकरानं पदर धरावा तशी.

सिस्टरनं चिकटपट्टी गुंडाळली. बुडबुडा झाकला गेला. सांडशी समोर आली तसा केशरबाईनं हात आपण होऊन पुढं केला, आणि त्या हाताकडं असं बघत राहिली, जसं कुणी तो आत्ताच तिच्या ओटीत घातला होता.

"हळू, बाई," ती म्हणाली, "माहा हात हाय."