पाशा पायरीवर बसतो

मी गाढव बोलतोय. हसा, हसून घ्या. आणि हसून झालं की सांगा बरं, या गोष्टीत शेवटी किंमत कुणी मोजली? म्हाताऱ्यानं, म्हातारीनं, डॉक्टरीणबाईनं की मी? पैज लावतो, चुकाल.

माझं नाव पाशा. आमच्या ग्रीक बेटावर गाड्या नाहीत, नुसत्या पायऱ्या. इथं म्हाताऱ्याला 'बार्बा' म्हणतात. बार्बा स्तामातिसनं मला शिंगरू असताना घेतलं आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात निळा मणी बांधला. मग जन्मभर त्याचे दगड, त्याची द्राक्षं वाहिली. ढोसून आला की खुद्द त्याला. मी पण उट्टं काढायचो. चर्चसमोरच्या रुंद पायरीवर फतकल मारून बसायचो. तो ओरडायचा, "ऊठ, ऐतखाऊ! तुझ्या बापानं तरी काम केलं का रे?" मी नुसते कान हलवायचो. लोक जमायचे, हसायचे. आमचा खेळच होता तो.

एका सकाळी माझं खोगीर कसता कसता त्याचं तोंड वाकडं झालं. उजवा हात लोंबला. त्याच्या बायकोनं, कालिरोईनं, काय करावं? पाण्यात तेलाचे थेंब सोडत बसली! तेल पसरलं. "बघा, केवढी दृष्ट लागलीय!" शेजारणी जमल्या, थू थू करून झालं. डॉक्टरला हाक मारली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

शहरातल्या इस्पितळातनं तो परत आला तो पाय ओढत, आणि एकच शब्द घेऊन. "नाही." पाणी हवं? "नाही." आणि प्यायचा घटाघटा.

दवाखान्यात त्याला मीच न्यायचो. तिथं फानूरिस डॉक्टर. सरकारनं वर्षासाठी धाडलेला, सारखं लक्ष परतीच्या बोटीकडं.

"मधनंच याचा हात पुन्हा मेल्यासारखा होतो," कालिरोई सांगायची. "मग येतो जाग्यावर. मला भ्या वाटतं."

"वय झालं, आजी."

"त्यालाच विचारा की!"

"काय हो, हात मरतो का?"

"नाही," बार्बा म्हणाला. डोळ्यांत पाणी.

"झालं तर!" फानूरिसनं चिठ्ठी लिहिली. मी दारातनं मान घालून ती खाल्ली. माझ्या पोटात गेलेली अक्षरं तेवढीच.

त्याच दिवशी कालिरोई डोंगरावरच्या मठात गेली, माझ्याच पाठीवर. "पानागियामाऊली, येशूच्या आई, माझ्या माणसाचं ऐकून घेणारा डॉक्टर धाड. त्याला जगव. घरात सगळ्यात लाडका पाशा आहे. तो तुला वाहीन." मी बाहेर गवत खात होतो. तोंडातला घास खाली टाकला. मठात गाढवाचा जन्म म्हणजे विहिरीचं पाणी ओढायचं, आणि चेष्टेला माणूस नाही.

फानूरिस गेला, त्याच्या जागी डॉक्टरीणबाई थेक्ला आली. मी चिठ्ठी खायला मान आत घातली, पण ती लिहीतच नव्हती. "आजी, तुम्ही जरा गप्प बसा," म्हणाली. मग बार्बाचा धडधाकट डावा हात हातात घेतला. "बार्बा, 'हो' असेल तर दाबा. मधनंच हात जातो?" त्यानं दाबला. "भीती वाटते?"

"नाही," तो म्हणाला, आणि असा दाबला की ती कळवळली.

तिनं मानेला नळी लावून ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "मानेतली रक्ताची वाट अरुंद झालीय असं वाटतंय. शहरात तपासून घेऊ. तोवर हात गळाला की आजी, तेलाआधी मला हाक मारा. दृष्ट काढायला मी पण बसेन, पण नंतर."

तपासणीला जायच्या आधीच ते झालं. वाऱ्यानं बोटी बंद. बार्बाचा हात गळाला, तोंड वाकडं. कालिरोईचा हात तेलाच्या बाटलीवर गेला, मागं आला, आणि तिनं फोन उचलला. थेक्ला धापा टाकत वर आली. "तटरक्षकांची बोट येतेय. बंदरावर चला, आत्ताच्या आत्ता!" बार्बाला माझ्यावर घातलं. दोघी दोन्हीकडनं धरून.

आली चर्चसमोरची पायरी. माझे पाय आपोआप वाकायला लागले. आणि मनात आलं, हा वाचला तर मी मठात. बसलो तर?

"पाशा, मेल्या, आज नको रे!" कालिरोई रडत होती.

पाठीवरनं आवाज आला, फाटका, बारका. "नाही."

जन्मभर त्याचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. बंदरापर्यंत थांबलो नाही.

शहरात त्याच्या मानेतली वाट साफ केली. तो घरी आला, आणि थेक्लाच्या दारात रोज बसून एकेक शब्द परत मिळवायला लागला. मला वाटलं, म्हातारी नवस विसरली. पण माऊलीच्या सणाला माझ्या खोगिरात फुलं खोवली तेव्हा कळलं.

बार्बा मठापर्यंत स्वतःच्या पायांनी चढला, काठी टेकत. साधूनं माझा दोर हातात घेतला. बार्बा म्हणाला, "नाही."

"बिचाऱ्याला तेवढंच येतं का?" साधूनं विचारलं.

"सगळं येतं," सोबत आलेली थेक्ला म्हणाली.

कालिरोईनं मान फिरवली. नवस तो नवस.

आता मी पाणी ओढतो. मध्येच बसून बघतो. साधू हात जोडून वाट बघतो बिचारा. कधी इकडं आलात तर मला एखादी सणसणीत शिवी घालून जा. बार्बाच्या शिव्या परत आल्यात म्हणे, सगळ्याच्या सगळ्या. चर्चसमोरच्या पायरीवर उभा राहतो तो, आणि शिव्या घालायला गाढव नाही.