भाजीच्या वरचा कप्पा

मित्रांनो, मी फ्रिज आहे. दोन दारांचा, फिकट हिरवा, आणि इतका जुना की माझे सुटे भाग आता मागवूनही मिळत नाहीत. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार सोशिक असतात म्हणे. मी नाही. मला राग आलाय, आणि तो बोलून टाकल्याशिवाय माझी मोटर धड चालायची नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापणारे, रंग मारणारे, गॅस भरणारे असे पुष्कळ हात माझ्यावरून फिरले. शेवटी दाराला रबर बसवणाऱ्या बाईंनी फटीत कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती हलली नाही. "हा पक्का आहे," त्या म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. तेव्हापासून माझं एकच ब्रीद आहे. जे ठेवाल ते सांभाळीन, आणि जिथे ठेवाल तिथल्यासारखं सांभाळीन. वरच्या दारामागे बर्फ, खालच्या दारामागे गारवा. यात मी कधी कुचराई केलेली नाही.

मला या घरातल्या बाबांनी आणलं. त्यांचं किल्ल्या बनवायचं छोटंसं दुकान आहे आणि लग्नानंतरची त्यांची पहिली मोठी खरेदी म्हणजे मी. सुरुवातीला माझे काय ते लाड! शेजारपाजारचे वाट्या घेऊन बर्फ मागायला यायचे आणि आई माझं दार पुसल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. मग नवलाई सरली. माझ्या डोक्यावर जुनी बिलं, फुटक्या चष्म्याच्या डब्या आणि एक मुका रेडिओ येऊन बसला. पाठीवरच्या जाळीत धूळ साचली. खालच्या दाराचं बिजागर कुरकुरायला लागलं तेव्हा आजोबा म्हणाले, "याचे पण गुडघे गेले माझ्यासारखे." सगळे पोट धरून हसले. तेल मात्र कुणी घातलं नाही.

तरी मी गप्प होतो. माझी मानहानी मी पचवली असती. पण भिंगरीची नाही.

भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव. ती सात वर्षांची असताना एकाएकी वाळली, घटाघटा पाणी प्यायला लागली, आणि दवाखान्यातून परत आली ती मधुमेह घेऊनच. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागतं. "गोड फार खायची ना, म्हणून झालं," असं शेजारची एक बाई माझ्यासमोर उभं राहून म्हणाली. साफ खोटं! लहान मुलांना होणारा हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. पण लोकांना उचलली जीभ टाळ्याला लावायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी आईनं मला आतून बाहेरून धुऊन काढलं. भाजीच्या ट्रेच्या वरचा कप्पा रिकामा केला, तिथे झाकणाचा एक डबा ठेवला, शेजारी बोटाएवढं थर्मामीटर टांगलं आणि सगळ्यांना माझ्यासमोर उभं केलं.

"इथे दोन ते आठ अंश राहिले पाहिजेत," ती म्हणाली. "औषध दारात ठेवायचं नाही, दार सारखं उघडतं. मागच्या भिंतीला टेकवायचं नाही. आणि बर्फात तर अजिबातच नाही. एकदा गोठलं की ते औषध मेलं. मग वितळवून काही उपयोग नाही."

घरात त्या जागेचं नाव पडलं 'भाजीच्या वरचा कप्पा'. मित्रांनो, माझी छाती फुगली. तोवर मी कोथिंबीर आणि उरलेला भात राखणारा. आता एक जीव माझ्या भरवशावर होता. दार उघडं राहिलं की मी मोटर ताणून ताणून गारवा भरून काढायचो. तीन वर्षं त्या थर्मामीटरनं मला एकदाही खाली बघायला लावलं नाही.

मग मावशीच्या बाळंतपणाला आई परगावी गेली आणि घर सांभाळायला आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मनानं लोण्यासारखी, पण सांगितल्यापेक्षा काकणभर जास्तच करायची हौस. आईनं जाताना सगळं समजावलं, बाबांनी सुई द्यायचं काम घेतलं, आणि चार दिवस सुरळीत गेले. मग दुकानदारानं इन्सुलिनचा नवा खोका घरी पाठवला. आत्यानं आईला फोन लावला, तोही भांडी घासता घासता, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून. नळ धो धो वाहत होता.

आई तिकडून म्हणाली, "ताई, भाजीच्या वरच्या कप्प्यात ठेवा." मला स्वच्छ ऐकू आलं. आत्याच्या कानात नळाच्या आवाजातून शिरलं ते फक्त 'वरच्या कप्प्यात'.

"हो हो, वरच्या कप्प्यात," आत्या म्हणाली. आईनंही "हं" म्हटलं.

आत्याच्या घरी वरचा कप्पा म्हणजे बर्फाचा कप्पा. तिनं माझं वरचं दार उघडलं, बर्फाचे ट्रे बाजूला सारले आणि खोका अगदी आतवर, गारठ्यात नेऊन ठेवला. वर दाराला एक थाप मारून म्हणाली, "राहील चांगलं गारेगार." मी काय करणार? तोंड नाही, हात नाही. बर्फाच्या कप्प्याचं काम गोठवणं, ते मी चोख केलं. माझ्याच चोखपणाचा मला असा संताप कधी आला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी चालू बाटली संपली. बाबांनी हाक मारली, "ताई, नवीन बाटली कुठे ठेवलीस?"

"थांब, मी देते," म्हणत आत्यानं वरचं दार उघडलं. बाटल्या दगड झाल्या होत्या. तिचा चेहरा उतरला. बाबा शीघ्रकोपी, आणि तिला त्यांची बोलणी खायची नव्हती. तिनं घाईघाईनं बाटल्या कोमट पाण्याखाली धरल्या, टॉवेलनं पुसल्या आणि एक बाबांच्या हातात दिली. वितळलं म्हणजे झालं पूर्वीसारखं, अशी तिनं मनाची समजूत घातली. दुसरी बाटली खालच्या डब्यात गुपचूप सरकवली.

भिंगरीनं बाटली उजेडात धरली. "आत्या, यात काहीतरी तरंगतंय."

"बुडबुडे असतील गं," आत्या म्हणाली. बाबांना दुकानाची घाई होती. त्यांनी बघितलंही नाही.

मित्रांनो, त्या दहा वर्षांच्या पोरीनं तिथल्या तिथे चोर पकडला होता! पण तिचं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी साखर तपासायच्या मशीनवर आकडा चढला. संध्याकाळी आणखी चढला. भिंगरी सारखी माझं दार उघडून पाण्याची बाटली तोंडाला लावायची. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मला उघडून आत डोकावून पाहिलं, आणि त्यांना दिसलं की त्यांच्याच वाढदिवसाच्या केकचा उरलेला तुकडा गायब आहे.

"भिंगरी! केक कुणी खाल्ला?"

"मी नाही खाल्ला, बाबा."

"मग आकडा काय हवेत चढला? सारखी फ्रिजशी काय करतेस, ते दिसत नाही का मला?"

"पाणी पिते. मला तहान लागलीय."

"खोटं बोलायचं नाही!"

केक कुणी खाल्ला ते मला माहीत होतं. दुपारी सगळे पांगल्यावर आजोबांनी खाल्ला होता, माझं दार अर्धवट उघडं ठेवून, माझ्याच उजेडात, बोटं चाटत चाटत. त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. आणि आता ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्रात तोंड खुपसून होते. पान सुद्धा उलटत नव्हते. आत्या ओट्यापाशी उभी राहून कोरडाच ओटा पुसत होती. दोन मोठी माणसं, दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी, आणि मधे ती पोर एकटी उभी. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सगळे ट्रे खणखणून आपटावेत आणि ओरडावं की अरे, ही फक्त पाणी प्यायलीय!

पुढचं ऐका. बाबांचा धंदाच किल्ल्या-कुलुपांचा. ते ड्रिल घेऊन आले, माझ्या खालच्या दाराला भोकं पाडली आणि कडी-कोयंडा ठोकून कुलूप लावलं. स्क्रू कुणी पुरवले असतील? आजोबांनी! एकेक करून. "हिच्याच भल्यासाठी करतोय," बाबा म्हणाले. पत्र्याला भोक पडताना मला दुखलं नाही. पण ज्या औषधाच्या राखणीसाठी मी जिवाचं रान केलं, ते मेलेलं औषध माझ्याच पोटात कुलूपबंद ठेवून त्याची शिक्षा त्या पोरीला, हे मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई देऊन बाबा किल्ली खिशात घालून दुकानात निघून गेले.

दुपारपर्यंत भिंगरी ओकायला लागली. पोट दुखतंय म्हणाली. मग माझ्या दाराला पाठ टेकून खालीच बसली. तिचा श्वास भराभर आणि खोल चालला होता आणि पापण्या मिटत होत्या. माझ्या आत पाण्याच्या गार बाटल्या होत्या, आणि माझ्या दाराला टेकून तहानलेली पोर बसली होती. एवढी लाज मला कधी वाटली नाही, आणि ती लाज माझी नव्हती.

आत्या धावत आली. तिनं नळाचं पाणी भिंगरीच्या ओठांना लावलं, बाबांना फोन करून बोलावलं आणि लगेच आईला लावला.

"नवीन बाटली सुरू केल्यापासून आकडा चढलाय का?" आईनं विचारलं.

"हो."

"ताई, तो खोका कुठे ठेवला होता?"

"तू सांगितलंस तिथेच. वरच्या कप्प्यात."

"भाजीच्या वरच्या ना?"

आत्यानं माझ्या वरच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात बाबा धापा टाकत आत आले.

"ताई, कुठे?" आई ओरडली.

"बर्फात," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. "दगड झालं होतं गं. मी वितळवलं. मला वाटलं, चालेल. मी कुणाला बोलले नाही."

"तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या! ते औषध गोठलं होतं हे डॉक्टरांना आधी सांगा. मी निघालेच!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भिंगरीला उचललं आणि आत्यासकट धावत सुटले. मागे राहिले आजोबा. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, कुलुपाला हात लावला आणि पुटपुटले, "केक मी खाल्ला रे." म्हातारपणी माणसं वस्तूंशी बोलतात, ते ठीक. पण मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं! ज्याला सांगायचं त्याच्यासमोर दातखीळ बसते, आणि फ्रिजपुढे कबुलीजबाब!

भिंगरी वाचली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, चांगलं इन्सुलिन दिलं, आणि काही दिवसांनी ती घरी आली. हे मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळलं, आणि तोवरचा एकेक दिवस मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. "अजून उशीर झाला असता तर..." असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य आत्यानं सांगायला घेतलं, पण पुरं केलं नाही.

ती घरी आली तेव्हा आईच्या हातात इन्सुलिनचा नवा खोका होता, बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात, मधे कापडाची घडी घालून आणलेला. आईनं कुलूप पाहिलं. "हे काय?"

"काढतो, काढतो," बाबा गडबडीनं म्हणाले. "झालं गेलं सोडून देऊ. तसाही हा खटारा आता बदलायलाच हवा."

खटारा! वा रे वा! कप्पा चुकवला माणसांनी आणि खटारा मी!

बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला, तोच भिंगरी मधे येऊन उभी राहिली. अजून अशक्त होती, पण जागची हलली नाही. "आधी सांगा, मी केक खाल्ला होता का?"

 कोपऱ्यातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी खाल्ला होता, बाळा," आजोबा म्हणाले. "आणि तुला बोलणी बसत असताना मी गप्प राहिलो. मला लाज वाटते." आत्या तिच्याजवळ येऊन म्हणाली, "तुला बाटलीत दिसलं होतं. मी खोटं बोलले."

भिंगरी बाबांकडेच बघत होती.

"तू खाल्ला नव्हतास," बाबा खाली बघून म्हणाले.

"आणि?"

"आणि मी तुला विचारलंच नाही. आधीच ठरवून मोकळा झालो. चुकलो मी."

तेव्हा ती बाजूला झाली. कुलूप निघालं आणि आईनं थर्मामीटर बघून खोका भाजीच्या वरच्या कप्प्यात ठेवला. थर्मामीटरवर पाच अंश होते. कुलूपबंद असतानाही मी माझं काम सोडलं नव्हतं, याची नोंद घ्या.

मित्रांनो, तुमच्या घरात असं औषध असेल तर त्याची जागा ठरवा आणि घरातल्या प्रत्येकाला, नव्या पाहुण्यालासुद्धा, बोट लावून दाखवा. फोनवर सांगून सोडू नका. औषध चुकून गोठलं तर वितळवून लपवू नका, फेकून द्या आणि मोठ्यानं सांगा. बोलणी बसतील, बसू देत. आमच्या पाठीवरची धूळही अधूनमधून झटका, आमचा जीवही गुदमरतो.

आणि घरातलं एखादं लहान मूल म्हणालं की मला तहान लागलीय, तर त्याला आधी पाणी द्या.