बळवंतच्या गाडीचं नवं इंजिन

राजन गोडबोल्यांनी चौतीस वर्षं बॉयलर डिझाइन केले आणि त्यांतला एकही फुटला नाही. त्यामुळे गाडीत इंजिन बसवण्याआधी कोणाला काही विचारावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तिथेच त्यांनी माती खाल्ली.

गाडी त्यांच्या मित्राची, बळवंतची. ब्याऐंशी साली त्याने सेकंडहँड घेतलेली लाल, लांबलचक मसल कार. बॉनेट एवढं ऐसपैस की आत एखाद्याने बिऱ्हाड थाटावं. बळवंत गेला तेव्हा तिचं इंजिन केव्हाच जाम झालेलं होतं. त्याच्या बायकोने, आनंदीने, गाडी राजनना देऊन टाकली. "वहिनी, नवं इंजिन बसवतो आणि पहिली चक्कर तुम्हाला," राजननी कॅनडातल्या रिचमंड हिलला, आनंदीच्या ड्राइव्हवेत शब्द दिला. गाडी टो होऊन मिल्टनला राजनच्या गराजमध्ये आली, त्याला आता चौदा महिने झाले होते.

या चौदा महिन्यांत इंजिनाने त्यांच्या नाकी नऊ आणले. नवं इंजिन कंप्युटरवर चालणारं, त्याचं जुन्या गिअरबॉक्सशी पटेना. गिअरबॉक्स बदलला, तर मागचा शाफ्ट आखूड पडला. वायरिंग खोक्यातून शेवयांसारखं गुंतून आलं. राजननी सगळ्याची ड्रॉइंगं काढली, इंजिनाची लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरपर्यंत मोजली. फक्त त्याच्या पोटाखालची तेलाची टाकी पुढच्या बाजूला आहे आणि गाडीचा आडवा बीमही नेमका तिथेच आहे, एवढं बघायचं राहिलं. साखळीने खाली सोडलेलं इंजिन दोन इंच वरच अडकलं.

वेगळ्या आकाराची टाकी मिळते, असं इंटरनेटवर कोणीतरी सांगितलं होतं. पण ती मागवायची म्हणजे ड्रॉइंग चुकलं हे कबूल करायचं. त्यापेक्षा बीम कापलेला बरा, असं ठरवून राजननी ग्राइंडर उचलला.

"अहो, ठेवा तो खाली!" उल्का पूजेचं ताट घेऊन गराजच्या दारात उभी होती. "आज खंडेनवमी आहे. हत्यारांची पूजा करायची, त्यांना कामाला नाही जुंपायचं."

"उल्का, वीकेंडला फ्रीझिंग आहे, मग गराजमध्ये हात चालायचे नाहीत. अगं, दोन इंचांचं काम!"

"दसरा झाला की खुशाल कापा. आता सगळं पाटावर मांडा."

बायकोपुढे चौतीस वर्षांचा अनुभव कामाचा नव्हता. ग्राइंडर, पाने, पक्कड सगळं पाटावर गेलं. आनंदीला उल्काने सकाळीच जेवायला आणलं होतं. आनंदीने हळदकुंकू वाहिलं आणि साखळीला लटकलेल्या इंजिनाकडे पाहत राहिली.

"परवा बीम कापला की आठ दिवसांत आलोच, वहिनी," राजन म्हणाले. "बळवंतचा काय जीव होता हो या गाडीवर!"

"त्यांचा?" आनंदीला हसू फुटलं. "भाऊजी, त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. अठ्ठ्याऐंशीलाच विकायला काढली होती. बायर कॅश घेऊन दारात उभा होता."

"मग विकली का नाही?"

"तुम्ही दर रविवारी यायचात. दोघंही बॉनेटखाली डोकी घालून तासन् तास बसायचात. ते म्हणाले, गाडी गेली तर राजन कशाला येईल?"

हातातल्या फडक्याने राजन कोरडी बोटं पुसत राहिले.

"आणि झालंही तसंच," आनंदी शांतपणे म्हणाली. "गाडी इकडे आली आणि तुमचं येणं थांबलं. मला काय करायचीय ती चक्कर? रविवार उजाडला की मी आपली उगीच खिडकीशी."

राजनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा महिन्यांचे सगळे रविवार त्यांनी या गाडीखाली उताणं पडून घालवले होते, आणि हे सगळं आपण वहिनींसाठीच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"या रविवारी येऊ?" त्यांनी हळूच विचारलं. "साध्या गाडीनेच."

"विचारताय काय? या की. उल्कालाही आणा." आनंदीने डोळे पुसले. "फक्त हात धुऊन या. चाळीस वर्षं माझ्या कपांना ग्रीस लावलंत दोघांनी."