बिनवाट्याची शेळी

त्या दिवशी सकाळी माझं दूध कुणी काढलं नाही. ऊन गोठ्याच्या कुडापर्यंत आलं तरी दाव्याला कुणी हात लावला नाही. मग घरातली सून रेणुका फोन कानाला लावून अंगणात आली. खांबाला धरून उभी राहिली आणि ऐकता ऐकता खालीच बसली.

"आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली.

आत्या म्हणजे तिची सासू, भिवराबाई. चार दिवस ताप उतरला नाही म्हणून तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं. नवरा ग्यानबा आणि मुलगा हरिओम सोबत गेले होते. दुपारी गाडी आली. अंगणात माणसं मावेनात, तेव्हा कुणीतरी आम्हा शेळ्यांना सोडून घराच्या मागं बांधलं. पुढचं मला दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

मित्रांनो, मी एक शेळी आहे, आणि आता उतारवयाला लागले आहे. रंग काळा, कान लांब. आमच्या भागात बहुतेक शेळ्या अशाच असतात, त्यामुळं मला ओळखायची काही खूण नाही. माझी गोष्ट सांगायची तर आधी अर्धली म्हणजे काय ते सांगावं लागेल.

ज्याच्याकडं पैसा असतो तो शेळी विकत घेतो. ज्याच्याकडं पैसा नसतो तो ती सांभाळतो. चारा, पाणी, राखण सगळं सांभाळणाऱ्याचं. शेळी व्याली की करडं निम्मी निम्मी. दोन झाली तर एक मालकाचं, एक सांभाळणाऱ्याचं, आणि आधी निवड मालकाची. शेळी मात्र कायम मालकाचीच. याला अर्धली म्हणतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. पण सांभाळणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा लहानखुरं करडू येतं, आणि तेही अडचणीला विकावं लागतं.

माझा जन्म वालूरला अशाच एका अर्धलीच्या गोठ्यात झाला. माझा जोडीचा भाऊ दांडगा होता, तो मालकानं नेला. मी सांभाळणाऱ्याकडं राहिले आणि वर्षाच्या आत विकली गेले. त्यानंतर मी तीन दारं पाहिली. तिन्ही ठिकाणी माझी पिल्लं वाटली गेली. शेवटच्या घरात माझे दात झिजलेले दिसले, तेव्हा मला मानवतच्या बाजारात उभं केलं.

भिवराबाई मला तिथं भेटली. बारीक चणीची, पन्नाशी उलटलेली बाई. तिनं आधी तरण्या शेळ्यांचे भाव विचारले आणि ते न परवडून पुढं आली. माझ्याजवळ थांबली. पोटावरून हात फिरवला, तोंड उघडून दात पाहिले.

"बाई, नंतर भांडायला येऊ नको. म्हातारी हाय ती," व्यापारी म्हणाला.

"मी तरी कुठं नवरी हाय?" ती म्हणाली. "गाभण हाय का नुसती फुगलीय, ते सांग."

"गाभण हाय."

"खोटं निघालं तर तुज्या दारात आणून बांधीन. आन चारा बी तूच घालायचा."

व्यापारी हसला, सौदा झाला. वाटेत ती माझ्याशी बोलत होती. माणसं शेळीशी बोलतात, कारण शेळी मधे तोंड घालत नाही. त्या बोलण्यातून मला कळलं की सरकारनं दर महिन्याला बायकांच्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे. गावात त्याला बहिणीचे पैसे म्हणतात. शेजारणींनी त्यातून कुणी भांडी घेतली, कुणी औषधपाणी केलं, एकीनं पायातलं चांदीचं जोडवं केलं. भिवराबाईनं ते पैसे खात्यातून काढलेच नाहीत. मला घ्यायचं म्हणून ती थांबली होती.

तिनं आयुष्यभर गावातल्या दत्तरावांच्या शेळ्या अर्धलीनं सांभाळल्या होत्या. तेव्हाही त्यांच्या दोन शेळ्या तिच्या गोठ्यात होत्याच. मी तिची पहिली बिनवाट्याची शेळी.

ग्यानबानं मला पाहिलं आणि तो म्हणाला, "गोठ्यात शेळ्या कमी हायत का? पैसे आले की आणखी शेपट्या वाढवायच्या."

"आवं, त्या मालकाच्या हायत. ही माजी हाय."

"दिसायला तर सारखीच हाय."

"तुमाला सगळंच सारखं दिसतंय," ती म्हणाली आणि मला पाणी दाखवलं.

होळीच्या सुमारास मी व्याले. एक बोकड झाला आणि एक पाठ. पाठ म्हणजे मादी करडू. माझी पाठ अंगानं चांगली होती. दोन महिने ती माझ्याजवळ वाढली. मग एका सकाळी भिवराबाईनं तिला कडेवर घेतलं आणि घराबाहेर पडली. मी ओरडले. पण मला त्याची सवय होती. वाटणीचा दिवस आला, असं मी समजले.

थोड्या वेळानं ती परत आली. पाठ कडेवरच होती. ती एकटीच हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. मागून दत्तराव आले. ते ग्यानबाला अंगणातूनच हाक मारून सांगू लागले.

"ऐकलं का ग्यानबा? तुजी बायको तिची सोताची पाठ माज्या दारात आणून बांधायली! मी म्हणलं, कोंच्या शेळीची? तर म्हणती, म्हातारीची. आगं, म्हातारी तुजी हाय का माजी?"

"सवय हाय मालक," भिवराबाई म्हणाली. "दोन झाली की एक तुमच्या दारात. पाय आपुआप तिकडंच गेले."

"बरं झालं मी विचारलं. न्हाई तर बांधून घेतली असती, लय झ्याक पाठ हाय."

सगळे हसले. ग्यानबाही हसला. त्या रात्री भिवराबाईनं पाठीला माझ्या शेजारी बांधलं आणि सांगितलं, "तू आता साधनाची."

साधना ही तिची लेक. तिला गंगाखेडकडच्या एका खेड्यात दिली आहे. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा आदिनाथ ऊसतोडीला लांब जातात. तिथं जोडीनंच जावं लागतं, नवरा तोडतो आणि बायको मोळ्या बांधते. त्यांची मुलगी वैष्णवी सोबत जाते. शाळेत तिचं नाव आहे, पण शाळेत ती निम्मं वर्षही नसते. भिवराबाईला एकच हवं होतं. एक वर्ष तरी साधनानं घराला कुलूप लावू नये. दारात चार शेळ्या असाव्यात, आदिनाथनं जवळपासची मजुरी करावी आणि पोरीनं शाळेचं एक वर्ष सलग करावं. चाऱ्याला कमी पडलं तर भिवराबाई आपले बहिणीचे पैसे पाठवणार होती. साधनाचे स्वतःचेही पैसे सुरू झाले होते. पण ती उसाच्या फडात असताना कसलीशी पडताळणी करायची राहिली आणि ते थांबले.

हे भिवराबाई साधनाशी फोनवर बोलायची, गोठ्यात बसून. ग्यानबाला तिनं सांगितलं नव्हतं. चार पाठी झाल्या की सांगायचं, असं तिच्या मनात असावं.

मधल्या काळात घरात बदल झाला. मोठा नव्हता, पण होता. चहात दूध येऊ लागलं. माझा बोकड विकून रेणुकाच्या बाळंतपणाची सोय झाली, कुणापुढं जावं लागलं नाही. आधी भिवराबाई मजुरीला बोलावलं की निघायची. आता कधीतरी "आज जमत न्हाई" असं म्हणायची. बायका तिला चिडवत, "आता काय, शेळीवाली मालकीण झाली." ती म्हणायची, "मग? मालकिणीला खुर्ची द्या की."

पुढं मला आणखी एक पाठ झाली. या वेळी एकच. भिवराबाईनं तिलाही साधनाची म्हणून राखलं. दोन झाल्या. आणखी दोन व्हायच्या होत्या. आणि पुढच्या वर्षी वैशाखात तिला ताप आला.

तेरावा झाल्यावर दत्तराव पुन्हा अंगणात आले. सांभाळणारं माणूस गेलं की शेळ्यांचा वाटा करून घेतात, तशी रीत आहे. गोठ्यात आम्ही लहानमोठ्या सात होतो, सगळ्या काळ्या.

"ग्यानबा, ह्यातल्या माज्या कोंच्या?"

ग्यानबानं आमच्याकडं पाहिलं. एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला म्हाईत न्हाई मालक," तो म्हणाला. "हे सगळं तिच्याकडं व्हतं."

हरिओमला माहीत नव्हतं. रेणुकाला दूध देणाऱ्या शेळ्या ओळखू येत होत्या, पाठी नाही. साधना दिवसकार्याला येऊन राहिली होती. ती दारात उभी होती. तिला माहीत होतं की यात दोन तिच्या आहेत, पण कोणत्या ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. मालकाला आधी निवड असते. दत्तरावांनी माझ्या मोठ्या पाठीवर हात ठेवला असता, तर कुणी काही म्हणू शकलं नसतं. मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. मी ओरडले. पण शेळी ओरडली की माणसं चारा टाकतात. रेणुकानं चारा टाकला.

दत्तरावांनी खरोखरच मोठ्या पाठीवर हात ठेवला. साधनानं मान खाली घातली.

"ही न्हाई," दत्तराव म्हणाले. "ही तिनं माज्या दारात बांधली व्हती ती. हिला मी विसरन का?" मग त्यांनी दुसरीला मोकळं सोडलं. ती सरळ माझ्या पोटाखाली शिरली. "ही बी म्हातारीचीच. ऱ्हाऊ द्या." बाकीच्यांतून त्यांनी आपल्या दोन शेळ्या आणि वाट्याचं करडू नेलं. जाताना ग्यानबाला म्हणाले, "तिच्यासारकी राखण पुन्ना व्हायची न्हाई."

ते गेल्यावर साधनानं वडिलांना सगळं सांगितलं, आईनं काय ठरवलं होतं ते. ग्यानबा ओट्यावर बसून ऐकत होता.

"मला कधी बोलली न्हाई," तो म्हणाला.

"चार झाल्यावर बोलणार व्हती, दादा."

"मग घिऊन जा की. दोन तर दोन."

"नेऊन कुठं बांधू? दिवाळीला आमी दाराला कुलूप लावणार. मुकादमाला हो म्हणलंय. माय चाऱ्याला पैसे धाडते म्हणली व्हती, म्हणून ह्यांना मी थांबवत व्हते. आता कोणत्या तोंडानं थांबवू?"

 भिवराबाईच्या खात्यात आता बहिणीचे पैसे येत नाहीत. ज्या बाईच्या नावाचे ते होते तीच राहिली नाही. बँकेत तिच्या मृत्यूचा दाखला देऊन ग्यानबा आला, तेव्हा बराच वेळ चपला न काढता माझ्याजवळ उभा होता.

आता आम्हाला ग्यानबाच चारतो. पहिले काही दिवस तो पाणी पाजायचं विसरायचा. आता विसरत नाही. दूध काढताना त्याची बोटं टोचतात, मी पाय हलवत नाही. लोक त्याला म्हणतात, गड्यामाणसाला शेळ्यांचा कशाला खटाटोप, विकून टाक. तो म्हणतो, "माज्या न्हाईत त्या." माझी मोठी पाठ आता गाभण आहे. त्यानं ते उशिरा ओळखलं, पण ओळखलं. साधनाची पडताळणी करायला तो तिच्यासोबत दोनदा तालुक्याला जाऊन आला. काम झालेलं नाही, पुन्हा बोलावलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात आई असेल, आजी असेल. ती कुणासाठी तरी काहीतरी राखत असते. जनावर असेल, झाड असेल, डब्यातली मूठभर डाळ असेल. ते कुणाचं आहे, हे तिला आजच विचारा. जनावराला चारा लागतो, पाणी लागतं. तसं ते कुणासाठी आहे, हे माहीत असलेलं माणूसही घरात लागतं. ते एकाच माणसाकडं ठेवू नका.

दसरा झाला आहे. गावोगावी कोयत्यांना धार लावायला सुरुवात झाली आहे. साधनाचा फोन येतो, जायचं का थांबायचं ते विचारते, ग्यानबा "बगू" म्हणतो आणि ठेवतो. पाठी इथंच आहेत. साधनाच्या दारात त्या अजून पोचवायच्या राहिल्या आहेत.